फॉरमॅट मारण्याआधी... आणि स्पीकर घेण्याआधी!

"लॅपटॉप स्लो झालाय? फॉरमॅट मार." "वायफाय पकडत नाही? फॉरमॅट मार." "आवाज येत नाही? अरे, मग फॉरमॅट मार ना!" आजीच्या बटव्यात निदान चार पुड्या तरी असायच्या. होस्टेलच्या बटव्यात ही एकच. पोट दुखो की डोकं, द्या तीच. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा गुण येतोही, म्हणूनच तर ही प्रॅक्टिस जोरात चालते.

माझ्या रूममेटच्या लॅपटॉपलाही हीच पुडी मिळाली. मशीन जुनं, पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. ऐन सेमिस्टरमध्ये एके दिवशी स्पीकरचा आवाज बंद. त्याने तो एका दुकानात टाकला. संध्याकाळी लॅपटॉप परत आला तो चकाचक, नवी विंडोज घालून. आवाज मात्र अजूनही नव्हता! आणि डी ड्राइव्ह? तोही चकाचक. सगळी पार्टिशन्स उडवून एकच केलेलं.

डी ड्राइव्हमधला मिनी प्रोजेक्ट रात्री जागून पुन्हा करता आला असता. पण तिथेच त्याच्या आजोबांच्या भजनांच्या फाईली होत्या. गावच्या सप्ताहात टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या कॅसेटी त्याने दिवाळीच्या सुट्टीत एकेक करून लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. आजोबा आता नाहीत, कॅसेटींना बुरशी लागली, आणि कॉपी एकच होती. या लेखातलं बरंचसं त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आम्ही शिकलो. उलट्या क्रमाने शिकलो, तुम्ही सुलट्या क्रमाने वाचा.

आधी निदान

मित्रांनो, यंत्रात बिघाड झाला की पहिला प्रश्न एकच: दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा? हे ठरवायला एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. लिनक्स मिंटची आयएसओ फाईल उतरवा, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होमध्ये साधारण एफ१२, एचपीमध्ये एफ९, आसुसमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ१२, पण काही मॉडेलमध्ये आधी बायॉसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो. पूर्ण सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालते आणि तुम्ही स्वतः इन्स्टॉलवर क्लिक करेपर्यंत आतल्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही.

आता एखादं गाणं लावा. आवाज आला, तर चिप, वायर, स्पीकर सगळं ठणठणीत आहे, आजार विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. नाही आला, तर घाई नको. साउंड सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' असं दिसत असेल, तर लिनक्सला ती चिप ओळखता आलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. चिप मेली असा नाही. तिचं नाव बरोबर दिसतंय पण आवाज नाही, असं असेल तर इअरफोन लावून बघा.

आम्ही हे केलं (दुर्दैवाने दुकानातून आल्यावर). इअरफोनमध्ये आवाज स्वच्छ, स्पीकर गप्प. इथे थोडं हार्डवेअर. इअरफोनच्या जॅकमध्ये पिन आत गेली की एक बारीकसा स्विच दबतो. ऑडिओ चिपला कळतं की इअरफोन लागला, आणि ती स्पीकर बंद करते. आमच्या जॅकमध्ये खिशातल्या कापडाचे तंतू आणि धूळ यांची गोळी अडकून तो स्विच दबलेलाच राहिला होता. म्हणजे लॅपटॉपला महिनाभर वाटत होतं की कोणीतरी इअरफोन लावून बसलंय! लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून, लाकडी टूथपिकला कापसाचा पातळ थर गुंडाळून, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून जॅक साफ केला. खर्च जवळजवळ शून्य. फॉरमॅटची गरजच नव्हती.

गेलेल्या फाईली परत कशा मिळतात

क्विक फॉरमॅट म्हणजे लायब्ररीतली कार्डं जाळणं. पुस्तकं रॅकवरच असतात, फक्त कोणतं कुठे ते कुणाला सांगता येत नाही. त्यामुळे फाईली गेल्याचं कळलं की त्या क्षणी लॅपटॉप बंद करायचा. चालू राहिला तर विंडोज अपडेट, ब्राउजर, सगळे जण त्याच रॅकवर नवी पुस्तकं रचत बसतात. मग त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून फोटोरेक हा फुकट प्रोग्राम चालवायचा आणि सापडलेल्या फाईली दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या. नाव फोटोरेक असलं तरी तो एमपीथ्री, वेव्ह, वर्ड, पीडीएफ अशा शेकडो प्रकारच्या फाईली शोधतो. तो कार्डं बघतच नाही, थेट रॅकवर जाऊन प्रत्येक फाईलच्या सुरुवातीची ठराविक खूण हुडकतो. म्हणूनच फाईल मिळते पण तिचं नाव मिळत नाही.

आम्हाला निम्म्याहून थोड्या जास्त फाईली मिळाल्या. उरलेल्यांच्या जागी नवी विंडोज बसली होती. आणि हे तरी जमलं ते जुनी फिरती डिस्क होती म्हणून. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय असते. फाईल पुसली की डिस्क ती जागा स्वतःहून रिकामी करून टाकते, फॉरमॅटनंतर तर बहुतेक काहीच उरत नाही. एसएसडी वेगवान आहे, पण पुसायलाही तितकीच वेगवान!

तरीही फॉरमॅट मारायचंच असेल तर

कधी कधी मारावंच लागतं. व्हायरस, बिघडलेलं अपडेट, किंवा सरळ जुनी सिस्टीम. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या आसपासचे हजारो चांगले लॅपटॉप अधांतरी लटकले. अशा मशीनवर युक्त्या-प्रयुक्त्या करून विंडोज ११ बसवतात लोक, पण ४ जीबी रॅमवर ती चालवणं म्हणजे लुनावर तिघं. आम्ही लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घातली. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोपर्यंत आम्ही पास होऊन जाऊ (अशी आशा!). ज्यांना विशिष्ट कॅड सॉफ्टवेअर लागतं त्यांनी मात्र आधी ते लिनक्सवर चालतं का बघावं. बरीचशी चालत नाहीत.

बॅकअपबद्दल सगळे सर सांगतात, आपण माना हलवतो. तेव्हा फक्त जिथे लोक फसतात तेवढंच सांगतो. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात, हे वेळेवर आठवत नाही. 'डी ला हात लावणार नाही' या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. कॉपी केल्यावर दुसऱ्या मशीनवर दोन-चार फाईली उघडून बघा. आणि नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी खास सूचना: मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या अनेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. बायॉसमध्ये काही बदललंत की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जतन असते. फॉरमॅटच्या भानगडीत पडण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही तुमच्या फाईली दिसणार नाहीत.

विंडोजच टाकायची असेल तर क्रॅक कॉपी शोधत फिरू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीने विंडोज घालून दिलेल्या लॅपटॉपमध्ये लायसन्सची की बायॉसच्या चिपमध्येच लिहिलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह बनवा, तीच आवृत्ती टाका, ती स्वतःच ॲक्टिव्हेट होते. 'ॲक्टिव्हेटर' म्हणून मिळणाऱ्या फाईलला आधी अँटिव्हायरस बंद करायला लागतो, यातच काय ते समजा.

दोन ठिकाणी गाडी हमखास अडते. एक, इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही! अकराव्या पिढीच्या पुढच्या इंटेल लॅपटॉपमध्ये हे फार होतं. डिस्क खराब नसते, इंटेलचा व्हीएमडी हा कंट्रोलर मध्ये असतो आणि विंडोजच्या सेटअपला तो ओळखता येत नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, उघडून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवायचा. दोन, सगळं झाल्यावर वायफाय नाही, आणि वायफायचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं! अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, झालं. एक्सपीच्या काळात '३९ मिनिटं बाकी' हा बोर्ड बघत लोक दोन चहा पिऊन यायचे. आता वेळ त्या मानाने कमी लागतो, चहा तेवढेच होतात.

रूममेटच्या मशीनला आम्ही अडीच इंची साटा एसएसडीही बसवली. ती का, ते गणितच सांगतं. ५४०० आरपीएमची डिस्क एका फेरीला ११.१ मिलिसेकंद घेते. म्हणजे हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ५.६ मिलिसेकंद. त्यात हेड सरकण्याचा वेळ धरला तर सेकंदाला शंभरही विखुरलेल्या फाईली वाचून होत नाहीत. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाहीच, ती असे हजारो वाचते. जुन्या लॅपटॉपवर याहून मोठा फरक कशानेही पडत नाही. शिवाय एक छुपा फायदा. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली आणि मग नव्या एसएसडीवर इन्स्टॉल केलं, तर चुकीचं पार्टिशन पुसलं जाण्याचा प्रश्नच येत नाही. चार स्क्रू जास्त फिरवावे लागतात, पण झोप शांत लागते.

नव्या सिस्टीमवर आवाज 'पातळ' का वाटतो?

फॉरमॅटनंतर हमखास ऐकू येणारी तक्रार: "आवाज येतोय, पण पहिल्यासारखा नाही, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा." आणि मग स्पीकर बघायला सुरुवात होते. थांबा! लॅपटॉपचे स्पीकर एवढेसे असतात, त्यांना मुळातच खर्ज झेपत नाही. कंपनी आपल्या ड्रायव्हरबरोबर त्या मॉडेलसाठी खास जुळवलेला इक्वलायझर देते. त्यावर डॉल्बी, वेव्ह्ज वगैरे नावं असतात. नवीन विंडोज घातली की बऱ्याचदा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' ड्रायव्हर बसतो आणि ती सगळी जुळणी गायब होते. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्याच साइटवरचा ऑडिओ ड्रायव्हर घातला की आवाज परत जागेवर. लिनक्सवर हेच काम ईझी इफेक्ट्स नावाच्या प्रोग्रामने हाताने करता येतं. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं (ते स्पीकरला वाजवता येतच नाही, नुसती ताकद वाया जाते), आणि २०० ते ३०० च्या आसपास थोडं उचलायचं. कानाला बरं वाटेल तिथे थांबा.

ब्लूटूथवाल्यांचंही एक दुखणं आहे. गाणं छान वाजत असतं, ऑनलाइन लेक्चर सुरू झालं की आवाज जुन्या ट्रंक कॉलसारखा. हेडफोन खराब झालेला नसतो. त्याचा माइक चालू झाला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये तो 'हँड्सफ्री' मोडमध्ये जातो, आणि तिथे आवाज ८ किंवा फार तर १६ किलोहर्ट्झने पाठवला जातो, तोही मोनो. नायक्विस्ट साहेबांच्या नियमाने ८ चे निम्मे ४, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोचतच नाही. (सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पेपरात हे उदाहरण लिहा.) माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, हेडफोन पुन्हा स्टिरिओ होतो.

आणि एक मजेदार प्रकार. गाणं वाजतंय, वाद्यं ऐकू येतात, गायक मात्र गायब! भुताटकी नाही. पिन अर्धवट बसली किंवा वायरमध्ये ग्राउंड तुटला, की डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि दोन्हीत डावा वजा उजवा एवढंच वाजतं. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच रेकॉर्ड केलेला असतो, वजाबाकीत तो शून्य. एका हुंबाड्याचा आणि थोड्या सोल्डरचा प्रश्न, नवीन हेडफोनचा नाही.

खिशातले पैसे कुठे घालायचे?

चिपबद्दल फार न्यूनगंड नको. १६ बिटचा सिद्धान्तातला सिग्नल-टू-नॉइझ रेशो ६.०२ गुणिले १६ अधिक १.७६, म्हणजे ९८ डेसिबल. पंखा चालू असलेल्या होस्टेलच्या खोलीला तो पुरून उरतो. त्रास देते ती चिपच्या शेजारची गर्दी. प्रोसेसर क्षणाक्षणाला कमी-जास्त करंट ओढतो, त्याचा ओरखडा ग्राउंडमार्फत आवाजात उतरतो. माउस हलवला की इअरफोनमध्ये बारीक किर्र ऐकू येत असेल तर हेच. यावर उपाय म्हणजे बाहेरचा यूएसबी डॅक, म्हणजे केबलएवढं छोटं साउंडकार्ड. मोबाइलसाठी मिळणाऱ्या टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर डोंगलमध्ये बऱ्याचदा तेच असतं, आणि चांगल्या कंपनीचं असेल तर लॅपटॉपवरही ड्रायव्हरशिवाय चालतं. जुन्या लॅपटॉपला टाइप-सी नसतं, त्यासाठी छोटा कनेक्टर लागतो.

पण पैसे देण्याआधी ही एक तपासणी करा. किर्र किंवा घूंऽऽ असा आवाज लॅपटॉपच्या जॅकवर नुसत्या इअरफोनमध्येही येतो का? येत असेल तर डॅक घ्या. इअरफोनमध्ये शांत, पण स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर जोडल्यावर घूंऽऽ, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद? मग डॅक घेऊन पैसे पाण्यात. तो ग्राउंड लूप आहे. लॅपटॉपचा अर्थ, ॲम्प्लिफायरचा अर्थ आणि मधली ऑडिओ केबल मिळून वेढा तयार होतो, आणि त्यातून ५० हर्ट्झ फिरतो. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, बरेचदा तेवढ्याने भागतं. नाही तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. आत दोन छोटे १:१ ट्रान्सफॉर्मर असतात, बाकी काही नाही.

काही सीनियर्स सांगतील, "अर्थची पिन कापून टाक, घूं बंद." बंद होतो, खरं आहे. पण कापू नका. होस्टेलमध्ये लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं कधी वाटलंय? चार्जरच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून अर्थला जोडलेले असतात. अर्थ तुटला की बॉडी दोघांच्या मध्यावर, साधारण शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगते. करंट अगदी थोडा असतो म्हणून मुंग्यांवर निभावतं. पण चार्जर आतून फुटला, तर तुम्हाला वाचवणारी ती एकच वायर असते. मुंग्या येत असतील तर सॉकेटला अर्थच नसण्याची शक्यता असते. मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजायचं असतं, पण ते वायरमनकडून करून घ्या आणि रेक्टरकडे लेखी तक्रार द्या.

स्पीकर नवीन घेण्याआधी घरचा माळा बघा. नव्वदच्या दशकातली म्युझिक सिस्टीम, जिचा कॅसेट डेक केव्हाच बंद पडला, तिचे लाकडी बॉक्स बहुतेक वेळा धडधाकट असतात. तिला 'ऑक्स इन' असेल तर ३.५ मिलिमीटर ते आरसीए केबल, विषय संपला. ॲम्प्लिफायर मेला असेल तर टीपीए३११६ चिपचा क्लास-डी बोर्ड घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. हा बोर्ड लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या जुन्या चार्जरवर चालतो! ८ ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त १९ चा वर्ग भागिले १६, म्हणजे साडेबावीस वॅट. दोन्ही मिळून ४५. थोडी उष्णता धरली तरी ५० च्या आसपास, आणि ३.४२ अँपिअरचा चार्जर ६५ वॅट देतो. ४ ओहमचे स्पीकर लावलेत तर हेच गणित ९० च्या पुढे जातं, तेव्हा व्हॉल्यूम बेताने. एक पथ्य पाळाच: या बोर्डवर स्पीकरची मायनस वायर ही ग्राउंड नसते. दोन मायनस एकत्र जोडलेत तर बोर्ड गेला.

जुना बाजारातून बॉक्स घेणार असाल तर खिशात एक पेन्सिल सेल आणि वायरचा तुकडा ठेवा. टर्मिनलला क्षणभर टेकवला की 'टक्' आवाज यायला हवा. कागदाच्या कोनाच्या कडेचा फोम बोटाने दाबून बघा, भुगा झाला असेल तर सोडून द्या. बॉक्सवर १००० वॅट पीएमपीओ लिहिलं असेल तर हसा आणि आरएमएस कुठे लिहिलंय ते शोधा.

आमचा हिशोब: बॉक्स रूममेटच्या काकांच्या माळ्यावरचे, फुकट. बोर्ड ४५०, केबल १००, आयसोलेटर २५०. चार्जर एका मेलेल्या लॅपटॉपचा. डॅक घेतलाच नाही, इअरफोनच्या तपासणीत गरज नाही असं निघालं. ८०० रुपयांत खोली भरून आवाज. (एसएसडी वेगळी, तिचे भाव सारखे वरखाली होतात, म्हणून आकडा देत नाही.)

स्पीकर लागल्यावर पहिल्या रात्री लावल्या त्या फोटोरेकने परत आणलेल्या, नाव नसलेल्या फाईली. मोबाइलवर ऐकताना सगळ्या सारख्याच वाटायच्या. आता मृदंगामागे कुणीतरी खोकलेलं कळतं, मध्येच आजोबा कुणाला तरी "टाळ सांभाळ रे" म्हणतात तेही कळतं. फाईल ऐकायची, अभंग ओळखायचा, नाव द्यायचं, आणि लगेच दोन ठिकाणी कॉपी करायची. अडलं की तो आईला फोन लावून स्पीकरसमोर धरतो. अजून अकरा फाईली बाकी आहेत.